कर्णिकसाहेबांचं ‘अहो’

कर्णिकसाहेब मेलेल्या माशालाही अहो-जाहो करतात. माझ्या टोपलीपुढे उकिडवे बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचं, “मावशी, हे पापलेटराव केव्हा निवर्तले?”

“आज पहाटे मेलं. तुला घेयाचं हाय का न्हाय?”

“मेलं नव्हे मावशी, वारले. आपल्यासाठी जीव दिलाय त्यांनी.”

मी पालीच्या कोळीवाड्यातली. मीरा रोडला त्यांच्या सोसायटीच्या गेटाशी मासे विकायला बसते, त्याला वीस वर्षं झाली. शिकले चौथीपर्यंत. आमच्याकडे सासऱ्याला तू, देवाला तू, समुद्रालाही तू. त्यात कोणाचा अपमान होतो हे मला या गेटावर येईपर्यंत माहीत नव्हतं.

कर्णिकसाहेब चार वर्षांपूर्वी गिरगावातून इथे राहायला आले. नोकरी सरकारी खिडकीवर झाली. तिथे जन्मभर लोकांच्या शिव्या खाऊन माणूस एक तर शिव्या द्यायला लागतो, नाहीतर असा होतो. लिफ्ट अडली की ते दाराला टकटक करून म्हणतात, “आपण खाली येता का? की मीच वर येऊ?” गेटात कुत्रा आडवा झोपला असेल तर त्याला “जरा सरकता का?” म्हणून उभे राहतात. कुत्रा सरकतो. मी ओरडले तर सरकत नाही.

काशीमीऱ्याला जायला एकही रिक्षावाला तयार होत नाही. साहेब वाकून विचारतात, “भाईसाहब, आप काशीमीरा की तरफ पधार रहे हैं क्या?” रिक्षावाला आधी मागे वळून बघतो, की हा भाईसाहब कोण आलाय. मग मीटर पाडतो.

जिन्यात लोक पान खाऊन थुंकायचे. आधीच्या सेक्रेटरीने दंडाची पाटी लावली होती, लोक त्या पाटीवरच थुंकले. साहेबांनी नवी पाटी लावली : ‘येथे थुंकणाऱ्या मान्यवरांनी आपला फ्लॅट नंबर कळवावा. सत्कार करायचा आहे.’ थुंकणं बंद झालं. ती पाटी मी पालीत घरोघरी सांगितली. असा माणूस आमच्या गेटावर आहे, हे सांगताना मला मिरवायला आवडतं.

“जिभेला हाड नाही मावशी, ती वळावी म्हणूनच,” असं ते सारखं म्हणतात.

माझी मात्र वळत नव्हती. तिसऱ्या मजल्यावर मंजूताई म्हणून नवी बाई राहायला आली. एकदा तिचे सासरे माझ्या टोपलीवर वाकून सुरमईला बोट लावत होते. मी म्हटलं, “ए म्हाताऱ्या, हात काढ, तू बाजूला हो.” मंजूताईने कमिटीत तक्रार केली, “मच्छीवाली सबको तू बोलती है. बुजुर्ग को भी.” खोटं काहीच नव्हतं. कमिटीने ठरवलं, पंधरा दिवसांत मावशीची भाषा सुधारली तर ठीक, नाहीतर गेटावर बसायचं नाही.

या वयात नवीन गेट कोण देणार मला? आणि तिथली गिऱ्हाइकं बांधायची कधी?

कर्णिकसाहेब म्हणाले, “शिकवणी मी घेतो.”

रोज मासे घेऊन झाले की शिकवणी. “म्हणा, या, बसा, घ्या.”

“तू घ्या म्हणेपर्यंत गिऱ्हाईक भाजीवाल्याकडे जाईल.”

“तू घ्या नव्हे, आपण घ्या.”

“माझं मी कशाला घेऊ?”

साहेबांनी कपाळाला हात लावला. आठव्या दिवशी मंजूताईचे सासरे आले, तर मी मोठ्या प्रेमाने म्हटलं, “आप हट!” म्हातारा हसून हटला. सून नाही हसली.

शेवटी साहेबांनी सोपं केलं. “बाकी सगळं विसरा. कोणालाही हाक मारायची तर आधी अहो लावा. काही सुचलं नाही तर नुसतं अहो.”

पंधराव्या दिवशी सकाळी गेटाशी गर्दी होती. कमिटीतल्या दोन बायका आणि मंजूताई मुद्दाम कान देऊन उभ्या. साहेबांनी बोंबील घेतले, पैसे दिले आणि पिशवी तिथेच विसरून चालायला लागले. आता हाक मारणं आलं. नाव सुचेना, साहेब सुचेना. मी जोरात ओरडले, “अहो! अहो, ऐकलंत का? पिशवी राहिली तुमची!”

बायका हसतच सुटल्या. “अगं मावशी, असं तर आम्ही आमच्या नवऱ्याला हाक मारतो!” मंजूताईला कोणीतरी हिंदीत समजावलं, तेव्हा ती हसता हसता माझ्याच स्टुलावर बसली. म्हणाली, “रहने दो इनको. मैं शिकायत वापस लेती हूँ.”

माझं गेट वाचलं. पण साहेब वळले नाहीत. पाठमोरेच उभे राहिले. मी वाट बघत होते, आता काहीतरी फक्कड बोलतील. बायका पांगल्यावर ते आले आणि पिशवी उचलली.

“वाईट वाटलं का तुला?” मी विचारलं.

“नाही. इथे यायच्या आधीच्या वर्षी आमची ही गेली. मला नावाने हाक मारणारे पुष्कळ आहेत, मावशी. साहेब म्हणणारेही आहेत. नुसतं अहो कोणी म्हणत नाही.” आणि गेले.

चार वर्षं रोज गप्पा मारतोय, बायकोचं त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते जिना उतरताना दिसले आणि बायकांनी सुरू केलं, “मावशी, बघा, तुमचे अहो आले!”

मी हातातली सुरी फळीवर ठेवली आणि बायकांकडे बघून सांगितलं, “आपण तोंड बंद ठेवावं.”

सगळ्या गप्प. जन्मभर मी लोकांवर तू-तू करून ओरडले, पण असं कोणी गप्प झालं नव्हतं.