आधी चहा, मग नाव

महाविद्यालयातला प्राचीन ग्रीक महाकाव्याचा वर्ग बंद पडावा, असं कोणाच्याही मनात नव्हतं. एवढंच की त्याची खोली जिन्यालगत होती, तिला दोन खिडक्या होत्या, आणि झेरॉक्सच्या नव्या यंत्राला खेळती हवा लागते. शिवाय वरून परिपत्रक आलं होतं: प्रत्येक विषयाने आधुनिक जीवनाशी आपली सुसंगतता सिद्ध करावी, न जमल्यास काय ते समजून घ्यावं. रसायनशास्त्राने फरशी पुसायचं द्रावण करून दाखवलं. भूगोलाने पार्किंगचा नकाशा काढून दिला. तत्त्वज्ञानाने मुदतवाढ मागितली. उरलं ग्रीक महाकाव्य आणि ते शिकवणारे मास्तर.

त्यांना सगळे ग्रीकमास्तर म्हणत. वर्गात मोजकी डोकी असत आणि त्यातलं एकच न चुकता येई, ते निवृत्त नर्सबाईंचं. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मास्तर, वॉर्डात कुणी गेलं की नातेवाइकांना आम्ही म्हणायचो, जरा हळू, बाकीच्या पेशंटना त्रास होतो. तुमच्या काव्यात एवढाले धिप्पाड वीर ऊर बडवून रडतात, पण त्यांना हळू म्हणायला कुणी येत नाही. आमचे हे गेले तेव्हा मी स्वतःलासुद्धा हळूच म्हटलं होतं. म्हणून येते." त्या दिवशी मास्तरांना घरी जाऊन जेवण गेलं नाही. हा वर्ग चालू राहावा, यापलीकडे त्यांचं जगाकडे काही मागणं उरलं नव्हतं.

समितीपुढे जायच्या सकाळी बायकोने त्यांच्या कॉलरवरचा धागा काढला. "अहो, शांतपणे बोला. ते काहीही म्हणाले तरी मान डोलवा. तुम्ही एकदा भडकलात की मागचंपुढचं बघत नाही."

"मी कधी भडकतो?"

"हे काय, आत्ताच."

सुसंगतता समितीत तिघं होते: प्राचार्य, लेखाधिकारी आणि बाहेरून आणलेले सल्लागार. सल्लागारांना कोणत्याच विषयातलं काही कळत नसल्यामुळे ते निःपक्षपाती मानले जात. मास्तर राग, शोक, समुद्र आणि घराची ओढ यांवर जीव तोडून बोलले. नर्सबाईंचंही सांगितलं.

"राग कोणाचा? ग्राहकाचा का?" सल्लागारांनी विचारलं.

"योद्ध्याचा."

"मग तो आपल्या कक्षेत येत नाही. आणि हे जे रडणं आहे, त्याची प्रात्यक्षिकं घेता का?"

प्राचार्य मनाने मऊ होते. "मास्तर, उद्या सकाळी कार्यालय उघडल्यावर वापरता येईल अशी एक तरी गोष्ट सांगा. एकच."

इथे मास्तर भडकले. रोज त्यांना नमस्कार करणाऱ्या वॉचमननेच त्या दिवशी फाटकावर अडवून नाव, काम आणि भेटीचं कारण विचारलं होतं. तो सल उसळून वर आला. "वापरायचंच आहे ना? मग हे वापरा. त्या काव्यात दारात परका माणूस आला तर आधी त्याला आत घेतात, पाय धुवायला पाणी देतात, खाऊपिऊ घालतात. मग विचारतात, बाबा रे, तू कोण, कुठला. आपल्या फाटकावर आधी नाव, मग काम, आणि पाणी तर नाहीच."

सल्लागारांनी पेनाचं टोपण काढलं. "आधी सेवा, मग ओळख," ते पुटपुटले. "मास्तर, एवढी चांगली गोष्ट तुम्ही आजवर कवितेत कशाला ठेवलीत?"

वर्गाला मुदतवाढ मिळाली, फाटकावर सुरू होणाऱ्या नव्या अतिथी प्रणालीच्या यशाच्या अधीन राहून.

पहिल्या दिवशी फाटकावर चहा ठेवला आणि नाव विचारणं बंद झालं. समोरच्या बसथांब्यावरची माणसं येऊन चहा पिऊन गेली, आपल्या बसचालकालाही घेऊन आली. लेखाधिकाऱ्यांनी हरकत घेतली, "निनावी तोंडांनी प्यालेला चहा मी दाखवू कुठे?" म्हणून टोकन आलं. टोकनसाठी ओळखपत्र हवं, पण नाव तर विचारायचं नाही. तेव्हा वॉचमन ओळखपत्रावरच्या नावावर अंगठा ठेवून नुसता फोटो बघू लागला. लांब नावाच्या लोकांचे हाल झाले. अंगठ्याबाहेर आडनाव डोकावलं की ओळख वेळेआधी उघड झाली म्हणून त्यांना परत पाठवावं लागे.

एके दिवशी एक वडीलधारे गृहस्थ मुलीच्या प्रवेशासाठी आले.

"मला मधुमेह आहे. चहा नको."

"मग तुम्हाला नाव विचारता येत नाही, काका."

"विचारू नका. मी आपणहून सांगतो."

"ते आम्हाला ऐकता येत नाही," वॉचमन अदबीने म्हणाला आणि त्याने कानांत बोटं घातली.

पाय धुण्यासाठी प्लास्टिकचा टब आला. व्हरांड्यात दोरीवर मोजे वाळू लागले, आणि संध्याकाळी जो तो हाताला लागेल तो जोड घालून घरी जाऊ लागला. दुपारी चहा संपला की चौकशीची खिडकीही बंद होई, कारण न प्यालेल्या माणसाशी बोलायचं कसं, याची तरतूद नव्हती.

मास्तर हे सगळं बघत होते आणि गप्प होते. प्रणाली बुडाली तर वर्ग बुडणार होता. पाणी कोमट असावं की गार, असं समितीने विचारलं तेव्हा त्यांनी मूळ संहिता चाळून कोमट असं लेखी कळवलं.

"आता कसे भडकत नाही?" बायको म्हणाली. मास्तर वर्तमानपत्राच्या आड गेले.

मग इतर कार्यालयं प्रणाली बघायला आली आणि घेऊन गेली. नर्सबाईंच्या जुन्या रुग्णालयानेही घेतली. "मास्तर, काल एक बेशुद्ध माणूस आणला," बाई सांगत होत्या. "तो शुद्धीवर येऊन चहा पिईपर्यंत त्याचे केसपेपरच निघेनात. तुमच्या काव्यात असंच आहे का?"

"नाही हो," मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तरी त्यांनी समितीला काही कळवलं नाही.

वर्षअखेरीस प्रणालीला पुरस्कार मिळाला आणि पाठोपाठ मास्तरांना पत्र. सदर विषयातील सुसंगतता संपूर्णपणे काढून घेण्यात आली असल्यामुळे उर्वरित विषय चालू ठेवण्याचे प्रयोजन राहिलेले नाही. खोली चहासाखरेच्या साठ्यासाठी वर्ग करण्यात येत आहे. झेरॉक्सचं यंत्र बिचारं जिन्याखालीच राहिलं.

मास्तर प्राचार्यांकडे धावले. "साहेब, ते जे उर्वरित म्हणताय ना, काव्य तेच आहे."

"मला पटतंय हो," प्राचार्य कळवळून म्हणाले. "पण जे यशस्वी झालं ते मी कशाच्या जोरावर वाचवू? नापास झाला असतात तर अजून एक संधी देता आली असती."

पुढच्या गुरुवारी मास्तर आणि नर्सबाई प्रतीक्षागृहातल्या बाकावर, ओले पाय घेऊन बसलेल्या लोकांमध्ये बसले. बाई म्हणाल्या, "वाचा. मोठ्याने वाचा." मास्तरांनी शोकाचा भाग काढला आणि वाचायला सुरुवात केली. एका ओळीशी त्यांचा आवाज फुटला. बाई रडल्या, अगदी मोकळ्या गळ्याने, आणि कोणी त्यांना हळू म्हटलं नाही. चहाचं टोकन पुकारलं गेलं तरी कोणी उठेना.

वाचन थांबल्यावर शेजारच्या माणसाने डोळे पुसले आणि आपुलकीने विचारलं, "फार छान हो. पण याचा उपयोग काय?"

त्याच्यावर रागावू नका. तुम्हीसुद्धा खोली राहते की जाते, हे कळावं म्हणून इथवर वाचत आलात. मास्तरांचा आवाज ज्या ओळीशी फुटला ती ओळ कोणती, हे विचारावंसं तुम्हालाही वाटलं नाही.