कंपनीची भवानी

कासारटेकात माणसाने मत दिलं की ते जमिनीवर पडतं. तोंडदेखलं असेल तर भुशासारखं पडतं आणि वाऱ्याने उडून जातं. मनापासूनचं असेल तर दगड होऊन पडतं आणि त्यावर मताचे शब्द कोरल्यासारखे उमटलेले असतात. नवख्या माणसाने बोलताना पाय जरा मागे घ्यावेत, एवढीच खबरदारी.

प्रत्येकाचं दिवसातलं पहिलं मत गावाचं; भुसा मोजत नाहीत, पहिला दगड धरतात. दुकानदार दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात, तसंच कासारटेकात पहिल्या मतालाही म्हणतात. ते पडेल तिथं सोडायचं, नगरपरिषदेची गाडी येऊन उचलून नेते. हीच मतपट्टी. बाकीची मतं ज्याची त्याने घरी न्यावीत, न्हाणीघराला लावावीत. या पट्टीतून गावाने बाजारकट्टा बांधला, मुलींची शाळा बांधली. शाळेच्या दर्शनी भिंतीत 'एसटीपेक्षा चालत गेलेलं बरं' असा एक देखणा दगड आहे. शेजारची गावं आमदार निधीतून आलेल्या इमारतींची फुशारकी मारतात. कासारटेककर मारत नाहीत. आपल्या तोंडचं गाव आहे हे, एवढंच म्हणतात आणि मिशीला हात लावतात.

इंदुमती काळगे, म्हणजे सगळ्यांच्या इंदूअक्का, नगरपरिषदेच्या बांधकाम सभापती होत्या. ओढ्यावर एका कमानीचा पूल त्यांनी मनावर घेतला होता. पलीकडच्या वस्तीची पोरं पाण्यातून दप्तर डोक्यावर घेऊन शाळेत येत, ते अक्कांना बघवत नसे. दोन्ही काठांकडून कमान चढत आली. भाजीच्या भावाची मतं, मास्तरांच्या शिकवण्याची मतं, गेलेल्या माणसांनी मागे ठेवलेली मतं, सगळी त्यात बसली. आता फक्त मधला दगड राहिला होता. आणि नेमक्या त्या वेळी गावात ओरेला कंपनीचं दुकान उघडलं.

ओरेलाचा फोन घेतला नाही असं घर कासारटेकात उरलं नाही. दुकानात शिरून फोनविषयी मत दिलं की पडद्याची काच फुकट लावून मिळे. मग काय विचारता! लोक सकाळी उठून घरात मूग गिळून बसत, चौकातून मान खाली घालून चालत आणि दुकानाच्या काचेच्या दारात पाऊल टाकताच तोंड उघडत. 'फोन झकास, पण चार्जर वेगळा विकत घ्या म्हणतात, हा कुठला न्याय?' 'फोटोत माझं नाक आहे तसं येतं. त्यासाठी घेतला नव्हता.' 'एवढी कमाई करता, मग गावाची पट्टी का चुकवता?' हे शेवटचं मत तर दोघांना मिळून उचलावं लागलं. संध्याकाळी कंपनीचा ट्रक येई आणि सगळा माल भरून निघून जाई. चौकात नगरपरिषदेची गाडी रिकामी फिरे. एकदा बोललेलं मत पुन्हा बोलून पडत नाही, आणि ओरेलाखेरीज दुसऱ्या कशाविषयी कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

"अक्का," पुलाचे गवंडी हुसेनभाई मुजावर म्हणाले, "कमानीखाली टेकू दिलेलं सेंटरिंगचं लाकूड भाड्याचं हाय. शनवारी मालक घेऊन जानार. मधला दगड बसला न्हाई, तर कमान जाती बघा ओढ्यात. सगळ्या गावाचं म्हननं वाहून जाईल."

"मी बोलू का काही?"

"तुमचा काय उपेग? तुम्ही सभापती. तुम्ही बोललं की ठराव पडतोय."

ते खरंच होतं. पदावरच्या माणसाचं मत पडत नाही, ठराव पडतो, आणि ठराव पापडाएवढा जाड असतो. अक्कांनी पदर खोचला आणि ओरेलाच्या दुकानात गेल्या.

व्यवस्थापक निरंजन पाटणकर हा नाशिकचा, गोड बोलणारा तरुण होता. त्याने अक्कांना थंड पाणी दिलं.

"काय ओ साहेब, तुमची कंपनी राहती कुठं?" अक्कांनी विचारलं.

"समुद्रातल्या एका बेटावर, मॅडम."

"किती मानसं हाईत तिथं?"

"माणसं नाहीत. एक टपालपेटी आहे."

"म्हंजे फोन इकता इथं, आन् राहता पेटीत?"

"विक्री इथे होते. राहणं तिथे होतं," निरंजन नम्रपणे म्हणाला. "आणि या दुकानाची फरशीही कायद्याने बेटाचीच आहे. तिच्यावर पडलेलं मत बेटावर पडलं असं धरतात. त्यामुळे इथल्या मतांवर गावाची पट्टी लागत नाही."

अक्कांनी पायाखाली पाहिलं. फरशी गुळगुळीत, पांढरी होती. आपण परदेशात आलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. चप्पल बाहेर काढली ते बरंच झालं, असं त्यांना वाटलं.

"ते ऱ्हाऊ दे. गिऱ्हाइकाचं तुम्ही नेता, न्या. कंपनीचं सोताचं मत द्या एक. पयलं मत गावाचं असतंय."

"कंपनीला मत नसतं, मॅडम. कंपनीला धोरण असतं."

"कशाबद्दलच न्हाई?"

"कशाबद्दलच नाही."

अक्का घरी आल्या त्या धुसफुसतच. ज्याला कशाबद्दलच काही वाटत नाही, त्याने आपल्या गावाचं सगळं वाटणं उचलून न्यावं, याचा त्यांना मनापासून राग आला. पण परगावाहून आलेल्या माणसाला जेवायला न बोलावता सोडायचं हेही त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि हा पोरगा तर गावात आल्यापासून वडापाववर दिवस काढत होता. शुक्रवारी दुपारी त्यांनी त्याला जेवायला बोलावलं.

इंदूअक्कांची काळ्या मसाल्याची आमटी पंचक्रोशीत नावाजलेली. लग्न ठरलं की मांडववाल्याच्या आधी अक्कांना सांगावा जाई. या आमटीविषयी गावात एकच मत होतं, ते कधीचंच शाळेच्या पायरीला लागलं होतं, आणि अक्का त्या पायरीवरून जाताना पाऊल जरा रेंगाळून टाकत. अभिमान होता त्यांना, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

निरंजन दारातच थांबला. "मॅडम, आधी एक स्पष्ट करतो. आम्हाला व्यक्तिशः कुणाचं काही घ्यायला परवानगी नाही. त्यामुळे मी इथे कंपनी म्हणून आलोय. जेवणार ती कंपनी."

"जेवू दे की. कंपनीला हात धुवाय सांगा."

अंगणातच पाट मांडला होता. हुसेनभाईही पंगतीला होते. आमटी वाढली. निरंजनने पहिला घास घेतला आणि तो थांबला. मग त्याने पाण्याचा तांब्या उचलून अर्धा रिकामा केला.

"कशी झालीय?" अक्कांनी विचारलं. त्यात डाव काही नव्हता. वाढणाऱ्या बाईने हे विचारायचंच असतं. न विचारणं म्हणजे जेवणाऱ्याला उठवून लावणं.

"चांगली आहे," निरंजन म्हणाला. भुसा पडला आणि पाटाखाली गेला.

अक्कांनी भुशाकडे पाहिलं. आजवर त्यांच्या आमटीवर भुसा पडला नव्हता. "लाजू नगा. मनातलं सांगा. हे घर माझं हाय, जमीन गावाची हाय. हितं खोटं टिकत न्हाई. आनि घ्या जरा." त्यांनी आणखी एक पळी वाढली, वर आणखी एक. निरंजनने धोरणाकडे पाहावं तसं आभाळाकडे पाहिलं, पण आग्रहापुढे कुणाचं काही चालत नाही. तिसऱ्या पळीला तो कळवळून म्हणाला,

"अक्का, आमटी खारट आहे हो!"

धाडकन आवाज झाला. ताटाखालच्या पाटाचे दोन तुकडे झाले. अंगणात जात्याएवढा, काळाभोर, कुठेही चीर नसलेला दगड पडला होता. त्यावर ठसठशीत अक्षरं होती : आमटी खारट आहे.

निरंजनने घाबरून बेटाला फोन लावला. मत व्यक्तिशः दिलं म्हटलं तर जेवणही व्यक्तिशः झालं, आणि त्याला मनाई होती. मत कंपनीचं म्हटलं तर ते कासारटेकच्या जमिनीवर पडलं होतं. पलीकडून बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग त्याने फोन ठेवला.

"कंपनीचंच मत आहे," तो म्हणाला.

"आज सकाळपासनं कंपनीनं दुसरं काही मत दिलंय?" अक्कांनी विचारलं. पद होतं, विचारणं भाग होतं.

"आजवर कधीच दिलेलं नाही."

"मग ही भवानी," हुसेनभाई म्हणाले. त्यांनी खिशातून दोरी काढून दगड मापला. पुन्हा मापला. "अक्का, तसूभर बी फरक न्हाई. मधोमध बसतोय."

अक्का मात्र चुलीपाशी गेल्या होत्या. त्यांनी आमटी बोटाने चाखली. खारट होती. चांगली मूठभर खारट होती. पाहुणा येणार या गडबडीत मीठ दोनदा पडलं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांचं नाव, आणि ते जायचं ते असं, दगडावर.

हुसेनभाई मागून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अक्षरं आतल्या अंगाला करतो. चुन्यात जातील. मानसाला कळायचं न्हाई."

अक्कांना क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदराने टिपलं. मग त्या ताठ उभ्या राहिल्या.

"जगातल्या एवढ्या सरकारांनी ह्यांच्याकडं पट्टी मागितली. कुनाला दिली का? कासारटेकाला दिली. माझ्या अंगनात दिली. अक्षरं वर करा हुसेनभाई, आनि रस्त्याकडं करा."

शनिवारी सेंटरिंग निघालं. कमानीने एकदा अंग सैल केल्यासारखा आवाज केला आणि ती उभी राहिली. आधी हुसेनभाई गेले, मग वस्तीची पोरं कोरड्या पायांनी गेली. निरंजनही गेला आणि मधल्या दगडावरून जाताना त्याने तो पाय न लावता ओलांडला.

परगावची माणसं आता पूल बघायला येतात. इंदूअक्का त्यांना स्वतः मधोमध घेऊन जातात, खाली बोट करतात आणि म्हणतात, "वाचा. मोठ्यानं वाचा."