केव्हिनच्या सोयीसाठी

परक्या माणसाला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून घरच्या सगळ्यांनी अवघडून बसणं, यालाच सुसंस्कृतपणा म्हणतात. या बाबतीत नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क यांचा हात कोणी धरू शकणार नाही.

नॉर्वेतल्या लिस्टाच्या किनाऱ्यावर राहणारा ओड्वार, निवृत्त बसचालक, लाकडी होड्यांच्या एका ग्रुपवर होता. तिथे तिन्ही देशांचे लोक आपापल्या भाषेत लिहीत, एकमेकांचं निम्मं समजून घेत (आणि उरलेल्या निम्म्यावर भांडत). मग एके दिवशी केव्हिन नावाचा सभासद आला. ॲडमिन इंगेगार्डबाई स्वीडिश, म्हणजे जात्याच व्यवस्थित. त्यांनी लगेच नियम काढला : केव्हिन यांच्याविषयीच्या आदरापोटी यापुढे सर्वांनी इंग्रजीतच लिहावे. केव्हिनला कोणी विचारलं नाही. आदर असा विचारून करायचा नसतो.

नियमाचा गुण लगेच दिसला. भांडणं नव्वद टक्क्यांनी घटली, कारण टोमण्यासाठी शब्दकोश काढावा लागे आणि तोवर राग निवे. विनोद शंभर टक्के थांबले, पण त्यांची तक्रार कोणी केली नाही (तक्रारही इंग्रजीतच करावी लागली असती).

दोन वर्षांनी, शरदातल्या एका वादळात ओड्वारची होडी खडकावर आपटून फुटली. वडिलांनी स्वतः बांधलेली होडी. तिच्यातच त्यांनी त्याला वल्ही मारायला शिकवलं होतं आणि तिच्यातूनच त्याने त्यांची राख समुद्रात सोडली होती. हे सगळं सांगायला तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. आत तुंबलं होतं पुष्कळ. इंग्रजीत उतरलं ते एवढंच : "माझी होडी तुटली आहे. हे दुःखद आहे."

खाली चाळीसेक उत्तरं आली, सगळी एकाच साच्यातली : "आपल्या हानीबद्दल खेद वाटतो." बँक कर्जाचा अर्ज नाकारते तेव्हा याच मायेने लिहिते. वेगळं उत्तर एकट्या केव्हिनचं होतं : "मी येत आहे. माझ्यापाशी फळ्या आहेत."

तो डेन्मार्कच्या बोटीने आला. गाडीची पाटीही डॅनिश होती. भाड्याची असेल, असं ओड्वारने ठरवलं. मग सकाळभर दोघे दोन राजदूतांसारखे होडी दुरुस्त करत राहिले.

"कृपया खिळा द्यावा."

"हा घ्यावा खिळा."

इतक्यात हातोडी केव्हिनच्या अंगठ्यावर बसली.

"आयला या हातोडीच्या!" तो अस्सल डॅनिशमध्ये कळवळला.

ओड्वारच्या हातून फळी सुटली. "अरे, तू डॅनिश?"

"मग काय चिनी? जटलंडचा आहे मी!"

"आणि नाव केव्हिन?"

"आईची हौस! आमच्या वर्गात तिघं केव्हिन होते. मला वाटलं, तुम्हालाच डॅनिश झेपत नाही. दोन वर्षं घाम गाळतोय त्या इंग्रजीपायी."

"झेपत नाहीच रे तुमचं डॅनिश," ओड्वार म्हणाला, "निम्मे शब्द गिळता लेको. पण हे तुला तोंडावर सांगायला किती बरं वाटतंय!"

मग त्याने वडिलांचं सगळं सांगितलं, आपल्या किनाऱ्याच्या बोलीत. केव्हिनला निम्मं कळलं. तेवढ्यावर तो रडला.

त्या आनंदात ओड्वारने ग्रुपवर नॉर्वेजियनमध्ये चार ओळी लिहिल्या. त्या काढण्यात आल्या. कारण : केव्हिन यांची गैरसोय. मग केव्हिनने डॅनिशमध्ये लिहिलं की मीच केव्हिन, माझी काही गैरसोय नाही. तेही काढण्यात आलं. कारण : केव्हिन यांचा अनादर. प्रकरण मतदानाला गेलं. मातृभाषा सगळ्यांनाच हवी होती, पण कोणाची यावर जुंपली. (नॉर्वेजियनांत लिहायच्या रीतीच दोन, त्यामुळे त्यांची आपसातच जुंपली.) अखेर इंग्रजी एकमताने कायम झाली, आणि वारंवार अनादर केल्याबद्दल केव्हिनला काढून टाकण्यात आलं. नियम त्याच्या नावाने अजून चालू आहे.

होडी वसंतात पाण्यात उतरली. काठावर दोघंच होते आणि दोघंही मोठमोठ्याने चुकीचं समजून घेत होते.

वाचकांना या लोकांचं हसू येणं साहजिक आहे. फक्त 'उद्या पाणी येणार नाही' ही सूचना आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणत्या भाषेत येते ते पाहावं, सोसायटीत केव्हिन किती राहतात ते मोजावं, आणि मग सावकाश हसावं.