एक तारा देणारी माणसं

कुणी एक तारा दिला की सर्जेराव इस्त्रीचा शर्ट घालायचे. आमच्या सांगलीच्या इमारतीत ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. पुण्यातली नोकरी सोडून आले आणि गावोगावच्या जत्रांच्या तारखा सांगणारं ॲप त्यांनी एकट्यानं बनवलं. आमच्याकडं हे काम साधं नाही. जत्रा बघून फौजेतली मुलं रजा टाकतात, लेकी माहेरी येतात. तारीख चुकली तर घरंच्या घरं रुसतात.

ॲपखाली लोक तारे देतात, अभिप्राय लिहितात. पाच तारे आणि ‘छान’ एवढंच आलं की सर्जेराव वैतागायचे. “छान म्हंजे काय, आण्णा? ह्यात दुरुस्त काय करायचं?” एक तारा आला की मात्र गडी खुलायचा. नाव-गाव शोधून फोन करणार आणि एस.टी. धरणार. का, तर “माणसाचं म्हणणं काय हाय, बघून येतो.”

पाटणजवळच्या एका म्हातारीनं नातसुनेकडून लिहून घेतलं होतं की तुमच्या तारखेपायी आमची अब्रू गेली. हे गेले. म्हातारीनं आधी जेवायला बसवलं आणि मग झापलं. यांनी पालखीचा दिवस दाखवला होता. त्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य असतो, मटण दुसऱ्या दिवशी. सगळे पाहुणे मटणाच्या आशेनं एक दिवस आधी आले आणि पोळी खाऊन, तोंड पाडून गेले. तेव्हापासून ॲपमध्ये ‘गोडं’ आणि ‘खारं’ असे दोन दिवस वेगळे दिसतात. पुढं दरवर्षी जत्रेच्या तोंडावर म्हातारी काहीतरी खुसपट काढून एक तारा द्यायची आणि हे निघायचे.

जतहून एकदा एका मेंढपाळानं कानडीत लिहिलं, सोबत एकच तारा. सर्जेराव तेवढ्या उन्हात तिथं पोचले, तर ती स्तुती निघाली. एक तारा म्हणजे पहिला नंबर, असा त्या भल्या माणसाचा समज होता. दुरुस्त करण्यासारखं काहीच न मिळाल्यानं सर्जेराव हिरमुसले होऊन परत आले.

इथं माझा शहाणपणा नडला. तीस वर्षं मी सरकारी कचेरीत पत्रांना उत्तरं दिली. एका ताऱ्यासाठी गुडघे कशाला झिजवता, मी लेखी उत्तरं देतो, असं मी सुचवलं. गुडघे खरंच दुखत होते, म्हणून ते कबूल झाले. मी एक झकास मजकूर तयार केला: ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ तक्रार काहीही असो, उत्तर हेच. तारे वाढायला लागले. मी इमारतभर मिरवून घेतलं. सर्जेराव दीड वर्ष कुठं गेले नाहीत. दुपारचे गॅलरीत नुसते उभे असायचे. मला वाटलं, बरं झालं, विश्रांती मिळतेय.

परवा ते फोन घेऊन माझ्याकडं आले. म्हातारीचा अभिप्राय होता, जत्रेच्या आधीच्या आठवड्यातला. जत्रा होऊन आता चार महिने झाले. तारा एकच. ‘ॲप चांगलं हाय. माणूस यायचा बंद झाला.’

त्याखाली माझं उत्तर होतं. सूचनेची नोंद, गैरसोयीबद्दल क्षमस्व. म्हातारीनं काय लिहिलंय ते न वाचताच मी ते चिकटवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागायला लागलो, पण सर्जेराव चिडले नव्हते.

“बरोबरच लिवलंय की, आण्णा. गैरसोय तर झालीच.” मग फोनकडं बघत म्हणाले, “आई गेल्यापासनं ‘का आला न्हाईस’ म्हणून इचारणारं एवढं एकच घर हाय मला.”

दुसऱ्या दिवशी जत्रा नव्हती, काही नव्हतं, तरी ते पाटणला गेले. संध्याकाळी परतले तेव्हा मी दारातच उभा होतो. ते उत्तर माझं होतं, हे सांगितलंत ना, असं मी विचारलं.

“तुमचं नाव कशाला? मीच लिवलं म्हनालो,” बूट काढत ते म्हणाले. “म्हातारी लय रागावलीया. पर जेवल्याबिगर उठू दिलं न्हाई.”