तीनदा खाकरणारे काकाजी

कामठ्याचे आमचे टेकचंद काकाजी स्वतःच्याच धानाच्या शेतात जाताना आधी तीनदा खाकरतात. शेतात कुणी नाही, पलीकडं बोडीचं, छोट्या तळ्याचं, पाणी तेवढं. तरी खाकरणार, थांबणार, मगच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाय. गाव हसतं. मीही हसायचो.

यंदा आमच्या मंडळानं बोडी साफ करायचं ठरवलं. पत्रक माझं: ‘गवत हटवा, शेवाळ हटवा, लाज असेल तर रविवारी या.’ विळे घेऊन पोचलो, तर काकाजी धुऱ्यावर खुर्ची टाकून बसलेले.

“कायले आले रे पोट्टेहो?”

“सफाई करायला.”

“तिच्या घराची? तिले विचारलं?”

माझं डोकं फिरलं. पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. “लिहिलं चांगलं. पन बदक काय खाते, थे नाही लिहिलं.”

मग मला एकट्याला पुढं नेलं, तीनदा खाकरले आणि गवत जरासं बाजूला केलं. चोचीचं टोक पिवळं, कपाळाशी लाल ठिपके. हळदीकुंकू बदक, आपल्याच पिसांच्या गादीवर अंडी उबवत बसलेलं. हललं नाही.

“चुपचाप आलो असतो त उडून गेली असती. माहा आवाज वळखते.”

“पण खाकरायचं कशाला?”

“घरात सून असली का सासऱ्यानं आवाज देऊनच जाव लागते. तिले पदर घ्याले वेळ नोको काय?”

पदराविरुद्ध माझं एक पत्रक आधीच निघालेलं आहे. तेव्हा मात्र हातातला विळा खाली ठेवला.

बोडीत नर डोकं पाण्यात, शेपूट आभाळात करून चरत होता. “सांडलेला धान, गवताचं बी, शेवाळ. पिल्लायले किडे. तुम्ही घाण म्हनून राहिले, थे तिचं सैपाकघर हाय.”

विळे परत गेले. मी नवं पत्रक लिहिलं, ‘बदक वाचवा’. काकाजींनी तेही वाटू दिलं नाही. “लोक पाहाले येतीन.”

पुढं रोज सकाळी मीही त्यांच्यासोबत खाकरू लागलो. एके दिवशी घरट्यात नुसती टरफलं होती, आणि बोडीत आईमागं आठ पिल्लं. काकाजींनी ती बोटांवर मोजली. मग म्हणाले, “चाल, खुर्ची उचल.”

खुर्ची घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकी वारल्या, मुलगा-सून रायपूरला राहतात. काकाजींनी दाराचं कुलूप काढलं. तीनदा खाकरले. पदर घ्यायला लागतो तेवढा वेळ उंबऱ्याबाहेर थांबले.

मग आत गेले.