ओर्तेन्सियाबाईंनी अंगण राखिल्याची हकीकत

वाणीची देवता प्रसन्न असो, आणि तिच्या जिभेवर जितक्या भाषा तितक्या सर्व प्रसन्न असोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी, बुटाच्या आकाराच्या मुलखात, समुद्रकाठच्या टेकडीवर ओर्तेन्सियाबाईसाहेब राज्य करीत होत्या. राज्य म्हणजे एक स्वयंपाकघर, लिंबाची झाडे आणि एक अंगण. अंगणाची फरशी त्यांचे यजमान कैलासवासी नेव्हिओराव यांनी, लेकीचे लग्न हिच्यावरच व्हावे म्हणून, स्वहस्ते बसविली आणि मग लवकरच निवर्तले. पुढे लेकीने इंग्रज वर पसंत केला, आणि वरमाई विनिफ्रेडबाई बोलणी करण्यास येतात, व लग्न आपल्याच गावी ओढून नेण्याचा त्यांचा मनसुबा आहे, ऐसे वर्तमान आले.

"आई, तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडायची नाही," लेक म्हणाली. "तुझं तूच बोल."

बाईसाहेबांस इंग्रजी येत होते ते पुस्तकातले. मग त्यांनी चिपळूणच्या सुनंदाताई दिवेकर यांस पाचारण केले. ताई इंग्रजांत बरीच वर्षे राहून, आता या गावी इटालियन लोकांस बोलते इंग्रजी शिकवीत असत. ताईंनी बाईसाहेबांस खिडकीशी उभे केले. समोर सूर्य बुडत होता आणि सारे आकाश पेटले होते.

"बोला."

बाईसाहेबांनी दोन्ही हात उभारिले आणि गर्जल्या, "अद्भुत! दिव्य! मी मेले!"

"हात खाली. इंग्रज एवढ्यावरून मरत नाहीत. म्हणा, वाईट नाही."

"वाईट नाही? अहो, वर देव ऐकतोय!"

"त्याला इंग्रजी कळतं. समजून घेईल."

आणि मग शिक्षण चालले. फार आवडले तर 'चालेल' म्हणावे, घर जळाले तर 'जरा अडचण झाली' म्हणावे, आणि समोरचा 'जरा', 'थोडं' म्हणाला की आडोसा धरावा, कारण शब्द जितका लहान तितकी त्यामागची तोफ मोठी. इतके कमी बोलण्याने बाईसाहेबांस उचकी लागली, आणि त्यांचे बंधू तुल्लिओराव कपाळास हात लावून ताप पाहू लागले, आणि

(येथे काही ओळी टोमॅटोच्या रसात बुडाल्या.)

आणि विनिफ्रेडबाई यजमानांसह दाखल झाल्या. तुल्लिओरावांनी पहाटेपासून खपून केलेली रॅव्हिओली खाऊन वदल्या, "नॉट बॅड अ‍ॅट ऑल." तुल्लिओरावांनी अ‍ॅप्रन फेकला. "वाईट नाही? आमच्या आईची कृती, आणि वाईट नाही?"

"गप रे!" बाईसाहेबांनी मेजाखालून लाथ दिली. "वेड्या, ती आरती करतेय तुझी!"

मग विनिफ्रेडबाई हवेविषयी बोलल्या, मग रेल्वेविषयी, मग पुन्हा हवेविषयी, आणि मग रुमालाने ओठ टिपून म्हणाल्या, "मला आपलं वाटतं, लग्न आमच्याकडे झालं तर थोडंसं सोयीचं पडेल. अर्थात, तुमची हरकत नसेल तर."

थोडंसं! बाईसाहेबांनी ओळखले, वेढा पडला. त्यांच्या गळ्यात सारे सैन्य गोळा झाले, नवरा, फरशी, देव, झाडून सगळे संत, आणि हात उठू लागले. मग त्या दोन्ही हातांवर बसल्या. आणि इंग्रजीत म्हणाल्या,

"मला

थोडंसं

वाईट वाटेल."

विनिफ्रेडबाईंचा पेला वाटेतच थांबला. चेहरा पांढरा पडला. "अरे देवा! इतकं? मला कल्पनाच नव्हती हो! माफ करा." यजमानांनीही माफी मागितली, आणि उठताना खुर्ची सरकली तर खुर्चीचीही मागितली. तह तिथेच झाला: लग्न याच अंगणात, केक तेवढा इंग्रजांचा.

"शिवी दिलीस का तिला?" तुल्लिओरावांनी कानाशी विचारिले.

"त्याहून वाईट," बाईसाहेब म्हणाल्या. मग हात मोकळे सोडून त्यांनी विनिफ्रेडबाईंस कवटाळिले आणि एका गालाचा मुका घेतला. तो त्या बाईंनी सोसला. दुसरा गाल त्यांनी आपण होऊन पुढे केला.

सारांश, ज्येष्ठात लग्न लागले. वरमाई टाचेच्या बुटांनिशी बेभान नाचल्या आणि नेव्हिओरावांची एक फरशी तडकली. ती बाईसाहेब आजतागायत कोणास बदलू देत नाहीत. हकीकत इतकीच. वाचणाराचेही अंगण राहो.