बोडी, बॉडी आणि बारा रोवणाऱ्या

फोनवर रहस्यकथा ऐकण्याच्या बाबतीत आपला कान कोणी धरू शकत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवते.

भद्रावतीच्या कॉलनीत आमचं घर. नवरा सकाळी ड्युटीवर गेला की कुकर माझा आणि खून माझे. भाजी निवडताना एक खून, कपडे वाळत घालताना दुसरा, आणि दुपारी डोळा लागेपर्यंत तिसऱ्याची चौकशी सुरू. तीन वर्षांत इतक्या जणांना कानांनी मरताना पाहिलंय, की आता खुनी ओळखायला मला पुरावा लागत नाही. वाचणाऱ्याचा आवाज पुरतो. ज्या पात्राचा आवाज तो उगाच मधात बुडवून काढतो, तोच खुनी. ज्याला पहिल्याच प्रकरणात खोकला दिला, तो मरणार. आणि दार उघडताना मागे वाद्यं वाजली, तर दारामागे हमखास मांजर असतं.

हलक्याफुलक्या गोष्टींबद्दल माझं मत जरा कडक आहे. विनोद यायच्या आधी काही वाचक स्वतःच हसून घेतात. पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि पान वाढायच्या आधी यजमानानंच ढेकर द्यावी, तसं ते वाटतं. शिवाय पुरुष वाचक बायकांचे आवाज काढतात, तेव्हा गोष्टीतल्या झाडून साऱ्या बायकांना एकदमच सर्दी झालेली असते.

तर या जाणकारीच्या भरवशावर मी माझ्या भावाचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, पार पाडायला निघाले.

माझा भाऊ लटारू सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात धान पिकवतो. श्रावणात चार दिवस माहेरी गेले, तर घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, महिन्यावर गेले होते. पऱ्ह्याचं वय लग्नाच्या पोरीसारखं नाही, की चार वर्षं मागंपुढं चालेल. आणखी आठ दिवस थांबले असते तर ते रोवणं आणि गवत रोवणं सारखंच. रोवणाऱ्या बाया मिळाल्या होत्या, पण एकाच दिवसासाठी. मीराबाईची बारा बायांची टोळी. दुसऱ्या दिवशीपासून ती सावली तालुक्याकडे जाणार होती, आणि तिकडून पंधरा दिवस परत येणार नव्हती. बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, सात आणि दिवस एक. वर्षभराचा घरचा तांदूळ त्या एका दिवसात अडकलेला.

एरवी मीराबाईच्या टोळीला सात बांध्या म्हणजे काहीच नाही. ती एक ओळ म्हणते, बाया ती झेलतात, आणि ओळीच्या ठेक्यावर बारा हात एकदम चिखलात उतरतात. पाणी थरथरतं, पऱ्हा उभा राहतो, बाया एक पाऊल मागं सरकतात. गाणं पुढं जातं आणि बाई मागं जाते, असं जगात दुसरं कुठलं काम मला माहीत नाही. पण त्या दिवशी मीराबाईचा गळा बसला होता. सात दिवस सलग गाऊन तिच्या घशातून फाटक्या सुपातून कोंडा गळावा तसा आवाज येत होता. दुसरी कोणी म्हणायला धजत नव्हती. गाण्याशिवाय बारा बायांचे चोवीस हात चोवीस दिशांना चालले. चहाच्या वेळेपर्यंत कशीबशी एक बांधी झाली.

लटारूची बायको इंदुवहिनी धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या बांधावर, चहाची किटली घेऊन उभी होती. तिनं नुसतं उरलेल्या पऱ्ह्यांकडे पाहिलं, मग सूर्याकडे पाहिलं.

"वहिनी, चिंता करू नको," मी म्हटलं. "मी गोष्ट लावून देतो. आवाज पाहिजे ना बायांले? माझ्याजवळ आवाजच आवाज आहे."

माहेरी गेले की माझी भाषा आपोआप चप्पल काढून ठेवते.

मी धुऱ्यावर बांबूची काठी रोवली. तिला पिशवीत फोन आणि त्याच्याखाली स्पीकर बांधला. कामाला उत्साह यावा म्हणून पहिल्यांदा हलकीफुलकी गोष्ट लावली. एका माणसाची लुंगी लग्नात सुटते, असं काहीतरी. ही माझी पहिली चूक. हसणारी बाई वाकत नाही. तिला हसायला कंबर सरळ करावी लागते, शेजारणीच्या पाठीवर थाप मारावी लागते, आणि "काय वं मंगली, तुह्या भाऊजीचं असंच झालतं ना," असं विचारावं लागतं. बांधी झाली, पण ओळी अशा वाकड्या की लुंगीवाल्यानंच रोवल्यासारख्या.

"हे बंद कर वं बाई," मीराबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हासू हासू हात गळाले."

मग मी हुकमाचं पान काढलं. 'जांभळ्या छत्रीचं गूढ'. नवीनच घेतलं होतं, मीही ऐकलं नव्हतं. पुण्याकडचा बंगला, बंगल्यात नानासाहेब, आणि तिसऱ्याच मिनिटाला नानासाहेबांचा खून.

काय सांगू, भीतीनं जी कंबर वाकली ती वाकलीच. कोणी मान वर करेना. मागं कोणी उभं तर नाही, या शंकेनं बाया भराभर मागं सरकू लागल्या, आणि रोवण्यात मागं सरकणं हेच तर काम. पऱ्ह्याच्या ओळी अशा सरळ चालल्या की इन्स्पेक्टरनं दोरी धरली असावी. मधून मधून तेवढ्या शंका निघत.

"माणूस मेला, अन् हा इन्स्पेक्टर काऊन चहा पिऊन राह्यला?" मंगली म्हणाली.

"मोठ्याच्या घरी गेला तं पाजतेत."

"मले तं सुनेवर डाऊट आहे. लय गोड बोलून राह्यली."

"तुले साऱ्याच सुनांवर डाऊट आहे."

तीन बांध्या कधी झाल्या कळलंही नाही. पाच झाल्या, दोन उरल्या. इंदुवहिनीनं मला स्वतःहून दुसरा चहा दिला. माहेरात याच्यापेक्षा मोठा पुरस्कार नसतो. मी धुऱ्यावर अशी बसले होते, जसा रोवण्याचा शोध मीच लावलाय.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगते. आमच्या झाडीपट्टीत गावच्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. बोडीच्या पाण्यावर धान, आणि धानावर आम्ही. मेलेल्या माणसाला आमच्याकडे मयत म्हणतात, फार तर मुर्दा. त्यामुळे पुण्याच्या शुद्ध आवाजात कोणी 'बॉडी' म्हटलं, तर आमच्या कानापर्यंत येईतो त्याची बोडीच होते.

शेजारच्या बांधीत गुणवंतराव पाणी अडवत होते. बोडीच्या पाण्याची पाळी तेच लावतात. कोणाच्या शेतात केव्हा पाणी सुटेल, हे त्यांच्या फावड्यावर असतं. भला माणूस, पण एका कानानं जरा कमी ऐकतो, आणि वारा त्या दिवशी नेमका दुसऱ्या कानाकडे वाहत होता. स्पीकरमधला हवालदार घाबरून म्हणाला, "साहेब, बॉडी फुगलीय. आता जास्त वेळ थांबणार नाही."

गुणवंतरावांनी फावडं खांद्यावर टाकलं आणि पळत सुटले.

"बोडी फुगली गा! थांबत नाई म्हनते! फुटते आता!"

बोडी फुटली तर खालच्या साऱ्या बांध्या वाहून जाणार. पाच मिनिटांत गाव धावलं. फावडी आली, मातीनं भरायला रिकामी पोती आली, कोणीतरी घाईत उखळाचं मुसळ घेऊन आलं. आमच्या बारा बायाही हातातले पऱ्हे टाकून धावल्या. मी ओरडत होते, "अवो थांबा, बोडी नाई, बॉडी," पण मोकळ्या शेतात हा फरक समजावून सांगणं फार अवघड असतं. मी जितकं ओरडावं तितके लोक आणखी जोरात धावत. धावता धावता मंगलीचा पदर माझ्या बांबूला अडकला. काठी आडवी झाली. फोन आणि स्पीकर, दोघंही पिशवीसकट चिखलात रोवले गेले, अगदी सरळ ओळीत.

बोडीवर पोचलो, तर बोडी शांत. निम्मीच भरलेली, आणि काठावर एक बगळा एका पायावर उभा. सत्तर माणसं फावडी घेऊन त्याच्याकडे पाहत होती. त्यानं पाय बदलला.

"तुमाले कोनं सांगतलं बोडी फुगली म्हनून?" लटारूनं विचारलं.

"पोलिसवाला सांगून राह्यला होता," गुणवंतराव म्हणाले. "साहेबाले."

लटारूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी त्याचा पतंग फाडला होता, तेव्हा असंच पाहिलं होतं त्यानं.

परत आलो तोवर दिवस कलला होता. मी फोन चिखलातून काढला, पुसला, फुंकला, कपाळाला लावला. तो गेला होता. शेवटचं एक प्रकरण राहिलं होतं. आणि बारा बाया धुऱ्यावर बसून होत्या, पाय चिखलात सोडून.

"चाला ना वं, दोनच बांध्या राह्यल्या," इंदुवहिनी म्हणाली.

"खुनी कोन?" मीराबाईनं विचारलं.

"फोन बिघडला मीराबाई."

"ते आमाले नाई मालूम. अर्धी गोष्ट कानात घेऊन वाकलं का हात भरकटते. आमी कोनाचीच गोष्ट अर्धी सोडत नाई. पयले खुनी सांगा, मंग रोवतो."

बारा माना हलल्या. मी इंदुवहिनीकडे पाहिलं. तिच्या हातात पऱ्ह्यांची एक जुडी होती, आणि ती जुडी ती अशी धरून होती, जसा ताप आलेल्या लेकराचा हात धरतात. त्या क्षणी मला कळलं की पुण्याच्या बंगल्यात कोण मेलं याचं कोणाला काही पडलेलं नाही. इथं दोन बांध्या मरायला टेकल्या होत्या.

मी साडी खोचली आणि चिखलात उतरले.

"सांगतो," म्हटलं. "पन गाऊन सांगीन. अन् एका ओळीले एक ओळ रोवा लागते."

लहानपणी मी रोवणाऱ्या बायांच्या मागं मागं फिरले होते. गळा गोड नाही माझा, पण ठेका अंगात होता. मी पहिली मूठ चिखलात टेकवली.

*पहिली माझी मूठ गं, पऱ्ह्याची हिरवी,*
*छत्री कोन्या हातानं गं, रातीतून फिरवी.*

बाया उठल्या. "छत्री कोन्या हातानं गं," त्यांनी ओळ झेलली, आणि बारा हात एकदम पाण्यात गेले.

*दुसरी माझी मूठ गं, पान्यात ढग हाले,*
*चहा पेले तीन जन, कप चार झाले.*

"अवो माय, चवथा कप कोनाचा?" मंगली कळवळली.

"मागं सरक, मंग सांगतो."

ती सरकली. सगळ्या सरकल्या. खोटं सांगत नाही, त्या दोन बांध्यांत मी इतके पुरावे पेरले, की नऊ खून त्यात सुखानं उगवले असते. ओला रुमाल आला, तुटलेली बांगडी आली, कुत्रं भुंकलं नाही, घड्याळ थांबलं. खुनी कोण हे मला अजिबात माहीत नव्हतं. पाणी तांबूस झालं, बगळे झाडांकडे परतू लागले, आणि शेवटच्या बांधीत शेवटची ओळ उरली. बाया एका सुरात विचारत होत्या, खून कोनं केला गं, खून कोनं केला. सुनेचं नाव घ्यावं, तर मंगली जिंकली असती. माळ्याचं घ्यावं, तर माळ्याची ओळ जुळेना. घाबरून मी मान वर केली. समोर धुऱ्यावर, झालेल्या घोटाळ्यानं ओशाळून, गुणवंतराव पाणी सोडायला उभे होते.

*फावडं ज्याच्या खांद्यावर गं, डोळे ज्याचे शांत,*
*खून कोनं केला बाई, केला गुणवंत.*

शेवटचा पऱ्हा चिखलात उभा राहिला. बाया इतक्या आनंदानं ओरडल्या की गुणवंतरावांना वाटलं, रोवणा संपला म्हणूनच ओरडल्या. त्यांनीही हात हलवला. इंदुवहिनीनं माझ्या हातावरचा चिखल आपल्या पदरानं पुसला, आणि मला वाटलं, झालं, आता सुखानं कॉलनीत जावं.

फोन तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला, तेव्हा जिवंत झाला. शेवटचं प्रकरण ऐकलं. खुनी निघाला नानासाहेबांचा जुळा भाऊ, ज्याचा आधी कुठं उल्लेखही नव्हता. असल्या लेखकाला रोवण्यात उभं करावं, एवढंच माझं मत.

पण तोवर उशीर झाला होता. मीराबाईचा गळा सुटला होता. टोळी सावलीकडे गेली आणि गाणं बरोबर घेऊन गेली. बांधीबांधीनं ते वैनगंगेपर्यंत पोचलं. दिवाळीला मी पुन्हा माहेरी गेले, तर लटारू म्हणाला, "गुणवंतभाऊ दोनदा येऊन गेले. तुले इचारत होते."

तिसऱ्यांदा ते आले, तेव्हा मी अंगणात होते. टोपी काढून खाटेवर बसले. मी हात जोडायला घेतले.

"राहू द्या बाई," ते म्हणाले. "नाव घातलं तं घातलं. बाजारात लोक चहा पाजून राह्यले. चार कप मागवतेत अन् हासतेत. त्याचं काई नाई."

"मंग काय झालं भाऊ?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खाट जरा पुढं ओढली आणि आवाज खाली आणला.

"सारे इचारतेत, काऊन मारलं. मले सांगता येत नाई. त्या नानासाहेबाले मी कधी पाह्यलंबी नाई. तुमच्या गान्यात ते आलंच नाई."

खरं होतं. कप, रुमाल, बांगडी, कुत्रं, सगळं घातलं होतं मी. खुनाचं कारण घालायचं राहून गेलं होतं.

गुणवंतरावांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग स्वतःच मान हलवली.

"पान्याच्या पाळीवरून मारलं म्हना," ते म्हणाले. "ते कोनालेबी पटते."